डिझेल गाडीच्या ब्रीदरमधले तेल अडवणारे भांडे घरी कसे बनवावे?



आता गावोगावी बैलगाडीच्या जोडीला डिझेलची जीप, पिकअप किंवा एखादी जुनी मोटार दिसते. भाजीच्या जाळ्या, दुधाचे कॅन, खताची पोती, बाजारहाट, दवाखाना, सगळे तिच्यावरच चालते. अशा जुन्या गाडीचे बॉनेट उघडून पाहा. इंजिनवर तेलाचा ओशट थर आणि त्यावर धुळीची पुटे दिसतील. एअर फिल्टरकडून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप काढला तर तो आतूनही माखलेला असतो. "इंजिन तेल खातंय" असे आपण म्हणतो. पण यातले काही तेल ब्रीदरच्या नळीतून वाफेबरोबर निघून आलेले असते. हे तेल अडवण्यासाठी एक साधे भांडे गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात तयार होऊ शकते. ते कसे करावे, कुठे बसवावे आणि त्यात कोणता धोका आहे, हे या पत्रकात सांगितले आहे.

हे तेल येते कुठून?

सिलिंडरमध्ये डिझेल जळते तेव्हा फार मोठा दाब तयार होतो. पिस्टनच्या रिंगा हा दाब अडवतात, पण शंभर टक्के अडवत नाहीत. थोडा वायू रिंगांच्या फटीतून खाली, तेलाच्या चेंबरमध्ये उतरतो. गॅरेजवाले याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. नव्या इंजिनातही तो थोडा असतोच. रिंगा आणि लायनर झिजले की तो वाढतो.

ढोबळ हिशेब करून पाहू. अडीच लिटरचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा अडीच लिटर हवा घेते. मिनिटाला ३००० फेरे धरले तर ३७५० लिटर हवा झाली. तिचा शंभरावा भाग जरी खाली उतरला तरी मिनिटाला सुमारे ३७ लिटर वायू होतो. दोन मोठ्या बादल्यांएवढा हा वायू दर मिनिटाला बाहेर पडलाच पाहिजे. तो कोंडला तर चेंबरमध्ये दाब वाढेल आणि ऑइल सील व पॅकिंगमधून तेल बाहेर ढकलले जाईल. म्हणून इंजिनला श्वास सोडायला नळी दिलेली असते, तीच ब्रीदर. पाण्याच्या पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनावर, बाजूच्या झाकणाला, छोटी झडप असते. तिचे कामही हेच.

चेंबरमध्ये क्रँक गरगर फिरत असते आणि तेलाचे तुषार उडत असतात. वायू बाहेर पडताना हे तुषार बरोबर नेतो. जुन्या गाड्यांत ही नळी खाली उघडी सोडलेली असते आणि तेल रस्त्यावर ठिबकते. पुढच्या काळातल्या गाड्यांत ती एअर फिल्टरच्या पुढे, हवेच्या पाइपात जोडलेली असते. तिथून तेल टर्बोमध्ये, इंटरकूलरमध्ये आणि मॅनिफोल्डमध्ये जाते. तेलाने रबरी पाइप फुगतात व मऊ पडतात. धुराचा काही भाग परत इंजिनात घेणाऱ्या गाड्यांत तेल आणि काजळी एकत्र होऊन मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसतो आणि हवेची वाट अरुंद होते.

आधी इंजिनची तब्येत पाहा

भांडे हे औषध नव्हे, हे पक्के ध्यानात घ्या. झिजलेले इंजिन भांड्याने सुधारत नाही. म्हणून लोखंड कापायला घेण्यापूर्वी चार गोष्टी तपासा.

१. डिपस्टिकवर तेलाची पातळी वरच्या खुणेच्या वर तर नाही ना? जास्त तेल भरले की क्रँक ते घुसळते आणि ब्रीदर तेल ओकतो. अशा वेळी जादा तेल काढले की काम झाले.

२. एअर फिल्टर तुंबला आहे का? फिल्टर तुंबला की इंजिन जोराने ओढ घेते आणि ब्रीदरमधूनही तेल खेचते.

३. फिल्टरनंतरच्या पाइपाला चीर आहे का, क्लिप ढिली आहे का? उन्हाळ्यातल्या कच्च्या रस्त्यावरची किंवा मळणीच्या जागेची धूळ तिथून आत गेली तर रिंगा आणि लायनर लवकर झिजतात. ही चीर बुजवणे हे भांडे बनवण्याहून महत्त्वाचे.

४. इंजिन गरम करून हलक्या गतीवर ठेवा आणि तेल भरायचे झाकण फक्त ढिले करा. गरम तेल उडू शकते, तोंड दूर ठेवा. किंचित वाफ दिसली तर ठीक. झाकण थाडथाड नाचत असेल आणि धुराचे लोट येत असतील, तर मेकॅनिककडून कॉम्प्रेशन तपासून घ्या. तिथे भांड्याचा उपयोग नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या गाड्यांना आणि वॉरंटीत असलेल्या कोणत्याही गाडीला हा प्रयोग करू नका. नव्या गाड्यांत कंपनीनेच तेल वेगळे करण्याची सोय आणि निरनिराळे सेन्सर दिलेले असतात. त्यांत हात घातला तर फायद्याहून तोटाच जास्त.

भांडे काम कसे करते?

तत्त्व आपल्या रोजच्या ओळखीचे आहे. नाल्याचे पाणी बांधापाशी मंदावले की गाळ खाली बसतो. खळ्यावर उफणताना वारा भुसा लांब नेतो, पण जड दाणा पायाशीच पडतो. भांड्यात या दोन्ही गोष्टी होतात.

पाऊण इंची नळीतून आलेला वायू चार इंची भांड्यात शिरला की त्याला सुमारे अठ्ठावीस पट जास्त रुंद जागा मिळते. त्याचा वेग तितकाच कमी होतो आणि मोठे थेंब खाली पडतात. मग त्याला वळणे घ्यायला लावली की वायू वळतो, पण जड थेंब सरळ जाऊन पत्र्यावर आपटतात आणि ओघळतात. भांडे गार असेल तर तेलाची व पाण्याची वाफही थंड होऊन खाली बसते.

मात्र सगळे तेल अडेल, अशी अपेक्षा ठेवू नका. या तुषारांतले कितीतरी कण मिलीमीटरच्या हजाराव्या भागाएवढे बारीक असतात. ते धुरासारखे वायूबरोबर निघून जातात. घरी केलेले भांडे मोठे थेंब अडवते. टर्बोकडे जाणारे ओघळते तेल कमी झाले, तरी ते पुष्कळ झाले.

लागणारे साहित्य

- चार इंच व्यासाचा, नऊ इंच लांबीचा लोखंडी पाइप
- तळासाठी व झाकणासाठी तीन मिलीमीटर जाडीचा पत्रा, सहा बोल्ट आणि तेलात टिकणारे पॅकिंग
- आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या नळीसाठी लोखंडी पाइपाचे दोन तुकडे. त्यांचे आतले माप मूळ ब्रीदर नळीपेक्षा तसूभरही कमी नको. मूळ नळी एक इंची असेल तर एक इंचीच घ्या.
- तळाला अर्धा इंची सॉकेट आणि पितळी तोटी
- आतील चकत्यांसाठी पातळ पत्रा
- तेलात टिकणारा रबरी होज पाइप आणि चांगल्या होज क्लिपा

पाण्याचा साधा होज वापरू नका. गरम तेलाने तो फुगतो, मऊ पडतो आणि ओढीने चपटा होतो, म्हणजे श्वासच बंद. प्लॅस्टिकची बाटली किंवा डबाही नको, इंजिनच्या उष्णतेने तो वाकतो. तसेच डिझेल, पेट्रोल किंवा औषधाचा जुना डबा वेल्डिंगला घेऊ नका. रिकाम्या डब्यातही वाफ राहते आणि ठिणगीने भडका उडतो. कोरा पाइपच घ्या.

बनवण्याची कृती

१. पाइपाच्या तळाला पत्रा वेल्ड करा. मधोमध भोक पाडून सॉकेट बसवा आणि त्याला तोटी लावा.

२. तळापासून अडीच इंचांवर पत्र्याची एक चकती बसवा. तिच्या कडेने सगळीकडे चार-पाच मिलीमीटर फट ठेवा आणि ती तीन टाक्यांवर पक्की करा. भिंतीवरून ओघळणारे तेल फटीतून खाली जाते. खड्ड्यात गाडी आदळली तरी खालचे तेल उसळून वर येत नाही. चकतीखाली सुमारे अर्धा लिटर तेल मावते.

३. तळापासून चार इंचांवर आत येणारी नळी बसवा. ती मध्याकडे रोखलेली नको, भिंतीला लागून तिरपी हवी. म्हणजे वायू आत आल्यावर भिंतीच्या कडेने गोल फिरतो आणि थेंब भिंतीला चिकटतात.

४. नळीच्या वर, साडेपाच इंचांपासून आठ इंचांपर्यंत, तीन अर्धगोल पत्रे एकाआड एक बसवा. प्रत्येक पत्रा भांड्याचा दोन-तृतीयांश भाग झाकेल आणि एक-तृतीयांश उघडा राहील. पहिल्याची उघडी बाजू डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे, तिसऱ्याची पुन्हा डावीकडे. प्रत्येक पत्र्याला उघड्या बाजूकडे थोडा उतार द्या, म्हणजे तेल साचत नाही.

५. झाकणाच्या मधोमध बाहेर जाणारी नळी वेल्ड करा. झाकण पॅकिंग घालून सहा बोल्टांनी आवळा. ते कायमचे वेल्ड करू नका, साफ करायला उघडावे लागते.

काही जण पत्र्यांऐवजी भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची घासणी आत भरतात. तिने जास्त तेल अडते हे खरे. पण घासणीची तार तुटून वर गेली तर टर्बोच्या पंख्याची वाट लागते. म्हणून टर्बो असलेल्या गाडीत घासणी घालूच नका, पत्र्यांवर भागवा. बिनटर्बोच्या जुन्या जीपमध्ये, जिथे नळी बाहेर उघडी सुटते, तिथे लांब सलग तारेची घासणी सैल भरली तर चालेल. खाली-वर छिद्रांचा पत्रा लावा. पाच मिलीमीटरची निदान शंभर छिद्रे हवीत, म्हणजे वाट अडत नाही. लोखंडी घासणी गंजते आणि फोम तेलाने विरघळून तुकडे होतात. ही दोन्ही वर्ज्य.

सफाई व गळती तपासणी

वेल्डिंगनंतर आत खपल्या आणि लोखंडाचे दाणे राहतात. एक दाणासुद्धा इंजिनात गेला तर सिलिंडर ओरबाडेल. म्हणून पत्रे बसवताना प्रत्येक जोड छिन्नीने आणि तारेच्या ब्रशने साफ करा. सगळे झाल्यावर डिझेलने तीन-चार वेळा खळखळून धुवा, पंक्चरच्या दुकानात हवेने फुंकून घ्या आणि वाळवा. आतून रंग लावू नका, त्याचे पापुद्रे सुटतात.

मग एक नळी बुचाने बंद करा, दुसरीतून सायकलच्या पंपाने हलकी हवा भरा आणि भांडे पाण्याच्या बादलीत बुडवा. पंक्चर शोधतो तसे बुडबुडे पाहा. जिथे बुडबुडे, तिथे पुन्हा वेल्डिंग.

गाडीवर बसवताना

काम थंड इंजिनवर करा. भांडे इंजिनला न बांधता बॉडीला, दोन पट्ट्यांनी, रबर घालून घट्ट बांधा. इंजिन हलते, म्हणून होजला थोडी ढील द्या. सायलेन्सरचा पाइप, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बो यांपासून भांडे दूर ठेवा. तापलेल्या लोखंडावर तेल ठिबकले तर आग लागते. रेडिएटरच्या बाजूला, वारा लागेल अशी जागा उत्तम. ओढा ओलांडताना पाणी लागेल इतके खाली मात्र नको.

ब्रीदरची नळी भांड्याच्या खालच्या, तिरप्या नळीला जोडा. मध्ये होज लोंबू देऊ नका. लोंबलेल्या जागी पाणी व तेल साचते आणि वाट बुजते. काही इंजिनांत ब्रीदरवर पडद्याची झडप असते. ती काढू नका, भांडे तिच्या नंतर जोडा.

झाकणावरची नळी जिथे मूळ ब्रीदर जोडलेला होता तिथेच परत जोडा. मूळ नळी हवेच्या पाइपात जात असेल तर ती उघड्यावर सोडू नका. हा वायू विषारी असतो आणि प्रदूषणही होते. शिवाय गाडीच्या नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई केली आहे. काम सुरू करण्यापूर्वी जाणकाराला विचारा. मूळ पाइप कापू नका, जपून ठेवा, म्हणजे केव्हाही पूर्वीसारखे जोडता येईल. ज्या जुन्या गाडीची नळी मुळातच उघडी आहे, तिथे भांड्यानंतरची नळी खाली सोडा. तिचा धूर गाडीत बसणाऱ्यांकडे येता कामा नये.

श्वास अडला का? पाण्याच्या नळीने पाहा

ही तपासणी टाळू नका. सगळ्या कामात हीच महत्त्वाची आहे.

पारदर्शक प्लॅस्टिकची दीड मीटर नळी घ्या. फळीवर ती इंग्रजी 'यू' अक्षरासारखी बांधा आणि शेजारी शाळेची पट्टी लावा. अर्ध्यापर्यंत पाणी भरा, नीट दिसावे म्हणून त्यात चिमूटभर हळद टाका. तेलाचे एक जादा झाकण घेऊन त्याला निपल बसवा आणि नळीचे एक टोक त्याला जोडा. दुसरे टोक उघडे.

भांडे बसवण्यापूर्वी इंजिन आधी हलक्या गतीवर, मग हळूहळू वाढवून जोरात चालवा आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक लिहून घ्या. पाणी थरथरेल, मधली पातळी धरा. भांडे बसवल्यावर पुन्हा तेच करा. दाब पूर्वीपेक्षा एखादा सेंटिमीटर वाढला तर चालेल. दोन-तीन सेंटिमीटर वाढला तर समजा, नळी अरुंद आहे, होज दबला आहे किंवा आत कुठे वाट बुजली आहे. दोष काढल्याशिवाय गाडी वापरू नका. नाही तर दहा रुपयांचे तेल वाचवायला जाल आणि ऑइल सील बदलण्यासाठी इंजिन उतरवावे लागेल.

भांडे भरू देऊ नका

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर क्लिपा आवळा आणि तोटी उघडून पाहा. नंतर दर हजार किलोमीटरला, आणि थंडीत त्याहून लवकर, भांडे रिकामे करा. भांडे काठोकाठ भरले तर साचलेले सगळे तेल एकदम इंजिनात ओढले जाऊ शकते. डिझेल इंजिनला तेलही इंधनच. मग इंजिन किल्ली बंद केली तरी थांबत नाही, उलट वेग वाढत जातो आणि ते फुटूही शकते.

असा प्रसंग आलाच तर घाबरू नका. गिअरची गाडी असेल तर पायाचा आणि हाताचा ब्रेक पूर्ण दाबा, सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. पुढे माणसे नाहीत हे आधी पाहा. ते जमले नाही तर हवा आत येण्याचे तोंड लाकडी फळीने घट्ट झाका. हात लावू नका, कापडही नको, ते आत ओढले जाते. तेही जमत नसेल तर सर्वांना घेऊन लांब जा. इंजिन पुन्हा मिळेल.

निघालेले तेल काय सांगते?

निघालेले तेल मापाच्या बाटलीत मोजा आणि किलोमीटरसह वहीत लिहा. गाईचे दूध रोज मोजले की तिचे आजारपण लवकर कळते, तसेच हे आहे. दर खेपेला साधारण सारखे निघाले तर काळजी नाही. एकदम दुप्पट झाले तर वर सांगितलेल्या चार गोष्टी पुन्हा तपासा. सुगीत गाडी रस्त्यावर बसण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

निफाडसारख्या कडक थंडीच्या भागात, जवळच्या जवळ फेऱ्या असतील तर भांड्यात ताकासारखा पांढरा द्रव निघतो. ते पाणी आणि तेल घुसळून झालेले असते, घाबरण्याचे कारण नाही. पण डिपस्टिकवरही तसेच दिसले आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेले असण्याची शंका घ्या. गाडी चालवू नका, मेकॅनिकला दाखवा.

हे तेल परत इंजिनात ओतू नका. त्यात पाणी, आम्ल आणि काजळी असते. विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर टाकू नका. जनावरांच्या जखमेवर किंवा गोचिडांवर जळके तेल लावण्याची जुनी सवय सोडा, त्यातली द्रव्ये कातडीला व शरीराला घातक असतात. आपल्या हाताला लागले तर साबणाने धुवा. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि गॅरेजमधल्या जुन्या तेलाबरोबर द्या. दर ऑइल बदलाच्या वेळी भांड्याचे झाकण उघडून पत्रे डिझेलने धुवा, पूर्ण वाळवा आणि मगच बसवा.

थोडक्यात लक्षात ठेवा

- आधी तेलाची पातळी, एअर फिल्टर आणि पाइप तपासा, भांडे नंतर.
- नळीचे माप मूळ ब्रीदरपेक्षा कमी करू नका.
- टर्बोच्या गाडीत घासणी किंवा फोम भरू नका.
- वेल्डिंगची खपली राहू देऊ नका.
- पाण्याच्या नळीने दाब पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.
- दर हजार किलोमीटरला भांडे रिकामे करा, मोजा, लिहून ठेवा.

तेल अडवायचे, श्वास अडवायचा नाही, एवढे सूत्र धरून काम केले तर वेल्डिंगच्या दुकानातले हे साधे भांडे आपल्या गाडीची चांगली सेवा करील. हे पत्रक गाडीतच ठेवा आणि काम करताना आपल्या वेल्डरला व मेकॅनिकलाही वाचून दाखवा.